सोय, शोभा आणि सोयरे

प्रवासाला निघताना माणसाला दोन प्रश्न पडतात. पहिला, तिकीट कुठं ठेवलं? दुसरा, अंगात घालावं काय? पहिल्याचं उत्तर बहुधा दुसऱ्याच्या खिशात सापडतं, म्हणून खरा प्रश्न दुसराच. आमच्या इतिहासकारांनी लढायांवर, तहांवर आणि सनदांवर घागरीनं शाई ओतली. पण लढाईला निघालेला माणूस धोतरात निघाला की सुरवारीत, आणि वाटेत त्याला कुठं काचलं का, याची वास्तपुस्त फारशी कुणी केली नाही. माझं तर मत आहे की निम्मा इतिहास कुठं काचलं यावरच घडला असावा. ते असो.

आमचं गाव मंगरूळपीर. त्यालाच मंगरूळनाथ असंही म्हणतात. म्हणजे गावाच्या नावात एक पीर आणि एक नाथ, दोघंही फिरस्ती मंडळी. मात्र गावाला रेल्वे नाही. मुंबईला जायचं तर आधी एस.टी.नं अकोला नाही तर मूर्तिजापूर गाठायचं, मग मुंबईची गाडी. त्यामुळं आमच्याकडच्या प्रवासी कपड्याला एकाच दिवशी तीन परीक्षा द्याव्या लागतात: एस.टी.चा बाक, फलाटाचा कट्टा आणि गाडीतला बर्थ. शिवाय चौथी तोंडी परीक्षा, म्हणजे ज्यांच्याकडे उतरायचं त्या सोयऱ्यांची. पहिल्या तिन्हींत डिस्टिंक्शन मिळवणारा कपडा चौथीत हमखास नापास होतो. सगळं घोडं इथंच पेंड खातं.

जुन्या माणसांनी हा पेच किती सुरेख सोडवला होता पाहा. धोतर, बंडी, डोक्याला फेटा नि खांद्यावर उपरणं. झाला प्रवासाचा पोशाख! धोतराला शिलाई नाही, त्यामुळं उसवायची भीती नाही. जेवण जास्त झालं की गाठ सैल करायची, उपास पडला की आवळायची. फेट्याचे उपयोग तर विचारू नका. उन्हात छत्री, रात्री उशी, जखमेला पट्टी, आणि विहिरीवर पोहरा असून दोर नसला तर दोरसुद्धा. आजच्या एखाद्या बॅगेला इतके कप्पे नसतील.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या मार्च महिन्यात घराबाहेर पडले ते अशाच वेषात पडले असणार. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथं चार पैसे दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढा साधा हिशेब. वाटेत बंड पेटलं, आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. लुटले गेले, हाल झाले, तरी पायी चालत घरी परतले. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापून निघालं. ते वाचताना मला सारखं वाटतं, की या माणसाच्या अंगावर इस्त्रीची घडी सांभाळायची विजार असती तर तो मध्येच कुठंतरी बसून राहिला असता.

पुढं रेल्वे आली. १८६७ साली आमच्या अकोल्या-मूर्तिजापुरावरून आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. ती काही वऱ्हाडी माणसाला आरामात मुंबईला न्यावं म्हणून आणली नव्हती; तिला आमचा कापूस न्यायचा होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि इंग्रजांना वऱ्हाडच्या काळ्या मातीचा एकाएकी उमाळा आला. गंमत पाहा, प्रवासाला सगळ्यात सुखाचा कपडा सुती, त्याचा कापूस आमच्या शेतात, आणि तो कापूस स्वतः बोटीनं विलायतेचा प्रवास करून, कापड होऊन परत आमच्याच बाजारात विकायला! मालापेक्षा मालाचा प्रवास मोठा. पुढं कापसासाठीच कारंजावरून मूर्तिजापूर-यवतमाळ अशी शकुंतला ही छोटी गाडी निघाली. ११३ किलोमीटरची वाट आणि १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. आता ती बंद आहे. पण ती धावत होती तेव्हा पांढरा सदरा घालून बसणारा माणूस करड्या सदऱ्यात उतरायचा, आणि कपडा मळखाऊ असावा हे शहाणपण आमच्या भागात त्या इंजिनानंच शिकवलं.

इथपर्यंत झाली पुरुषांची कथा. पुरुषाला सोय ही नुसती सोय असते. बाईमाणसाला मात्र सोयीसाठी आधी परवानगी काढावी लागते.

१८८३ च्या ७ एप्रिलला अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. सुमारे दोन महिन्यांचा समुद्रप्रवास! आपण अकोल्यापर्यंत जातो तर दोनदा पाणी पितो नि तीनदा घड्याळ बघतो. बाईंनी निघण्यापूर्वीच जाहीर सभेत सांगून ठेवलं होतं, की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येणार. तेव्हा विलायती झगा घालायचा प्रश्नच नव्हता. पण अंगावरचं नऊवारी लुगडं मराठी उन्हासाठी जन्मलेलं. कासोटा घातला की चालायला मोकळं, कामाला सुटसुटीत; मात्र पोटऱ्या उघड्या. पेनसिल्व्हेनियाच्या बर्फात त्या उघड्या पोटऱ्यांचं काय होत असेल, ते बर्फालाच ठाऊक. शिवाय तिथल्या लोकांत पाय झाकण्याची रीत मोठी कडक.

बाईंनी तोड काढली. साडी सोडली नाही, पण ती गुजराती पद्धतीनं नेसायला घेतली. पाय घोट्यापर्यंत झाकले गेले आणि आतून उबेचे कपडे घालायची सोय झाली. नवऱ्याशी हा सगळा विचार पत्रातून करावा लागला. म्हणजे साडीचा एक काष्टा काढायचा तर सातासमुद्रापार टपाल! आज आपल्याला हे हसण्यावारी वाटतं. पण एकीकडं थंडी, दुसरीकडं धर्म, तिसरीकडं पुण्यातली जीभ, आणि या तिन्हींच्या मधे एकटी मुलगी. तिनं जिवाला जपलं आणि शब्दालाही जपलं. १८८६ साली त्या एम.डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जिच्या साडीची चर्चा दोन खंडांत झाली, तिच्या खोकल्याची तेवढी झाली असती तर बरं झालं असतं, असं मला उगीचच वाटत राहतं.

दुसऱ्या टोकाला गांधीजी. तिसऱ्या वर्गानं देश पालथा घालणाऱ्या या माणसानं २२ सप्टेंबर १९२१ ला मदुरेला अंगावरचे बाकीचे कपडे उतरवले आणि पंचा तेवढा ठेवला. आमच्याच वऱ्हाडातले गाडगेबाबा तर चिंध्यांचा पोशाख अंगावर आणि गाडगं डोक्यावर घेऊन जन्मभर चालले, आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ वाटेतच त्यांनी देह ठेवला. सोयरे काय म्हणतील हा प्रश्न या दोघांनी मुळापासूनच खुडून टाकला. आपल्याला ते जमत नाही, म्हणून आपण सूटकेस घेतो.

मग आलं टेरिलीन. विलायतेत १९४१ साली हे शोधून काढलं, आणि साठ-सत्तरच्या दशकांत आमच्याकडं जावयानं टेरिलीनचा शर्ट घातला नाही तर तो जावईच नव्हे, अशी परिस्थिती आली. घडी मोडत नाही, रात्री धुवा सकाळी घाला, प्रवासाला याहून काय पाहिजे? पण कापूस हवेतलं पाणी आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के सहज पिऊन बसतो, आणि टेरिलीन जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे मे महिन्यात मंगरूळपीर ते अकोला एस.टी.त बसलेल्या माणसाचा घाम जाणार कुठं? तो पाठीवरच मुक्कामाला. त्यात इंजिनाची ठिणगी उडाली की सुती कपडा नुसता करपायचा, टेरिलीनला मात्र वितळून गोल भोक. कोण कुठून किती वेळ आला, हे भोकं मोजून सांगता यायचं.

बरं, बसायचं तेही लाकडी फळ्यांवर. तिसरा वर्ग १९७४ साली नावानं संपला, फळ्या राहिल्याच. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंच फोम घातला. भारतीय पोशाखाच्या इतिहासात या दोन इंचांना मानाचं पान मिळायला हवं. तोवर जाड कापडाची विजार ही शोभा नव्हती, संरक्षण होतं!

आता तर आमच्या तालुक्यातल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेलाय, २०२५ पासून थेट मुंबईच्या वेशीपर्यंत. बाहेर बेचाळीस डिग्री, गाडीत एसीची हुडहुडी. म्हणून वैशाखात शाल. काळ बदलला, काच बदलला, सोयरे मात्र तेच.

नाही, अगदी तेच नाहीत. आमच्या मावशीनं सत्तरी ओलांडल्यावर काशीयात्रेला निघताना सुनेचा पंजाबी ड्रेस अंगात घातला. गल्ली दारात जमली. एक आजी कौतुकानं की कुत्सितपणानं, कळलं नाही, पण म्हणाल्या, "काहून वो, हे काय नवीन?" मावशी चपला घालता घालता म्हणाली, "नऊवारीत लगन केलं, पाचवारीत संसार केला. आता परवास तरी माह्या मर्जीनं करू द्या ना बाप्पा!"

गल्ली गप्प. मावशी काशीहून परतली तेव्हा गल्लीतल्या आणखी दोघींनी शिंप्याचा पत्ता विचारला होता. इतिहास असाच पुढं सरकतो. आनंदीबाईंना टपाल पाठवावं लागलं, मावशीला एका वाक्यात भागलं. नातीला बहुधा तेवढंही बोलावं लागणार नाही. तिला फक्त तिकीट कुठं ठेवलं ते शोधायचं राहील.