कँटनच्या तेरा वखारी

१७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापारी जहाजांना चीनमध्ये एकच बंदर मोकळे होते, ते म्हणजे दक्षिणेकडचे कँटन, आजचे ग्वांगझाऊ. छ्येनलुंग बादशहाच्या फर्मानाने बाकीची बंदरे त्यांना बंद झाली. कँटनमध्येही परदेशी माणसाला तटाच्या आत पाऊल टाकता येत नसे. तटाबाहेर, पर्ल नदीच्या उत्तर काठावर, सुमारे तीनशे मीटर लांबीच्या पट्ट्यात त्याने राहायचे, माल साठवायचा, सौदे करायचे आणि हंगाम संपला की चालते व्हायचे. या पट्ट्यातल्या इमारती ‘तेरा वखारी’ म्हणून ओळखल्या जात. सुरत आणि राजापूरच्या वखारी मराठी वाचकाला इतिहासातून ठाऊक आहेत. कँटनमधल्या बहुतेक इमारतींची मालकी मात्र चिनी व्यापाऱ्यांकडे होती आणि परदेशी मंडळी भाडेकरू म्हणून राहत.

वखारी नदीकडे तोंड करून एका रांगेत उभ्या होत्या. समोर मोकळा चौक, त्यात राष्ट्राराष्ट्रांची निशाणे आणि पुढे होड्यांचा धक्का. प्रत्येक वखार अरुंद आणि लांबच लांब, एकामागे एक घरे जोडून मागच्या रस्त्यापर्यंत गेलेली. तळमजल्यावर कोठारे, तिजोरी आणि नोकरांच्या खोल्या, पहिल्या मजल्यावर जेवणाची व बसण्याची दालने, त्यावर निजायच्या खोल्या. डॅनिश, स्पॅनिश, फ्रेंच, अमेरिकन, स्वीडिश, डच अशी नावे वखारींना पडली होती, पण नावाप्रमाणेच भाडेकरू असत असे नाही. ‘चौ-चौ’, म्हणजे सरमिसळ, या नावाच्या वखारीत मुंबईकडचे पारशी आणि हिंदुस्थानातले मुसलमान व्यापारी उतरत. सगळ्यांत ऐटबाज वखार इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची होती. तिथे झुंबरांचे भोजनगृह होते आणि ग्रंथालयही होते.

परदेशी माणसाचे सगळे व्यवहार ठरलेल्या चिनी मध्यस्थांमार्फतच चालत. विदेशी व्यापाराचा परवाना मोजक्या चिनी पेढ्यांना होता. त्यांना हाँग म्हणत. प्रत्येक जहाजाला एक हाँग व्यापारी जामीन राही. जहाजाने जकात बुडवली किंवा खलाशाने दंगा केला तर जाब जामिनाला द्यावा लागे. जकातीचा अधिकारी थेट बादशहाने नेमलेला असे, परदेशी त्याला ‘होप्पो’ म्हणत. शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अलीकडे व्हांपोआ येथे जहाज नांगरले की त्याची मापे घेतली जात आणि जकातीवर नजराण्याची घसघशीत रक्कम चढे. सरकारी परवानगी असलेले दुभाषे कागदपत्र करीत. भाज्या-कोंबड्यांपासून नोकरचाकरांपर्यंत घरची सारी व्यवस्था ‘कॉम्प्रादोर’ नावाचा कारभारी पाही.

पैशाच्या बाबतीत सराफाशिवाय पान हलत नसे. चलन मुख्यतः स्पॅनिश चांदीच्या डॉलरचे होते. सराफ एकेक नाणे बोटांवर तोलून, वाजवून, निरखून घेई आणि खरे ठरले तर त्यावर आपल्या पेढीचा शिक्का ठोके. नाणे दहा हातांतून गेले की दहा शिक्के बसत. अशा ठोकाठोकीने राजाचा मुखवटा पार पुसला जाई, नाणे वाटीसारखे खोलगट होई आणि शेवटी फुटे. मग त्याचे तुकडे तराजूत घालून चांदीच्या भावाने चालत.

राहणीचे नियम व्यापाराच्या नियमांहून कडक होते. वखारीत बायका आणायच्या नाहीत. शस्त्रे बाळगायची नाहीत. पालखीत बसायचे नाही. सरकारकडे काही मागणे असेल तर अर्ज हाँग व्यापाऱ्यांमार्फत करायचा. पाय मोकळे करायचे तर चिनी महिन्याच्या ८, १८ आणि २८ तारखेला, लहान गटाने, दुभाष्याच्या सोबतीने नदीपलीकडच्या बागांत जायचे. परदेशी माणसाला चिनी भाषा शिकवणे हा चिनी प्रजाजनाला गुन्हा होता. जेम्स फ्लिंट या चिनी भाषा येणाऱ्या इंग्रजाने १७५९ मध्ये थेट उत्तरेकडे जाऊन तक्रारअर्ज दिला, तेव्हा त्याला मकावमध्ये तीन वर्षे कैदेत ठेवले आणि त्याला मदत करणाऱ्या चिनी माणसाचा शिरच्छेद केला. भाषेची कोंडी बाजाराने आपल्यापुरती सोडवली. चिनी वाक्यरचनेवर इंग्रजी, पोर्तुगीज आणि हिंदुस्थानी शब्द बेतलेली एक कामचलाऊ बोली तिथे तयार झाली आणि लाखो डॉलरचे सौदे तिच्यावर पार पडले.

या नियमांचा हेतू उघड होता. व्यापाऱ्याने व्यापार करावा, घर करू नये. संसार थाटला की माणूस मुळे धरतो आणि मुळे धरली की जमीन मागतो, ही चिनी अधिकाऱ्यांची धास्ती निराधार नव्हती. हिंदुस्थानात वखारीचा किल्ला आणि किल्ल्याचे राज्य कसे होते, हे त्याच काळात दिसत होते. म्हणून हंगाम संपला की सर्वांनी पोर्तुगिजांच्या मकावला परतावे असा दंडक होता. मकावला बायकामुलांसह राहता येई. प्रत्यक्षात यातले बरेच नियम कागदावरच राहत. विल्यम हंटर हा अमेरिकन १८२५ मध्ये तेरा वर्षांचा असताना कँटनला आला आणि उतारवयात त्याने त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. त्यावरून दिसते की नियम अधूनमधून वाचून दाखवले जात, लोक ते ऐकून घेत आणि आपल्या कामाला लागत.

बायकांच्या बंदीला मात्र ढील नव्हती. १८३० मध्ये कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याची पत्नी वखारीत येऊन राहिली, तेव्हा प्रकरण इतके चिघळले की इंग्रजांनी जहाजांवरून तोफा आणवल्या. त्याच वर्षी हॅरिएट लो ही अमेरिकन तरुणी आपल्या काकूबरोबर आली, तर व्यापार थांबवण्याची धमकी देऊन दोघींना परत पाठवण्यात आले. एका माणसाला मात्र ही बंदी वरदान वाटे. जॉर्ज चिनरी हा चित्रकार कर्ज आणि बायको या दोन्हींपासून पळून मकावला आला होता. पत्नी शोधत येते आहे अशी वार्ता लागली की तो कँटन गाठी आणि चिनी सरकारला दुवा देई, असे हंटर सांगतो.

न्यायाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. १७८४ मध्ये मुंबईहून आलेल्या ‘लेडी ह्यूजेस’ जहाजाने सलामीची तोफ डागली आणि तिने दोन चिनी माणसे मेली. गोलंदाजाला स्वाधीन करेपर्यंत सगळा व्यापार बंद ठेवण्यात आला. अखेर इंग्रजांनी त्याला सोपवला आणि त्याला गळा आवळून मारण्यात आले. आपल्या माणसांचा न्याय आपणच करायचा, ही मागणी युरोपीयांनी पुढे लावून धरली तिच्या मुळाशी हे प्रकरण होते. मेलेल्या दोघांच्या बाजूने पाहणारा मजकूर इंग्रजी कागदांत फारसा सापडत नाही.

इतकी बंधने असूनही व्यवहार बहुतांशी तोंडी चालत आणि पाळले जात. हौक्वा या नावाने ओळखला जाणारा वू बिंग्ज्यान हा हाँग व्यापाऱ्यांचा म्होरक्या. १८३४ मध्ये त्याची मालमत्ता २ कोटी ६० लाख डॉलर धरली गेली होती, म्हणजे त्या काळच्या जगातल्या अतिश्रीमंतांत त्याची गणना होई. एका अमेरिकन व्यापाऱ्याकडे त्याचे ७२ हजार डॉलर अडकले होते. त्या देण्यापायी त्याला मायदेशी जाता येईना. हौक्वाने रोखा फाडला आणि हिशेब मिटला म्हणून सांगितले, अशी हकीकत हंटरने नोंदली आहे. पण सगळे हौक्वा नव्हते. अधिकाऱ्यांच्या मागण्या आणि परदेशी सावकारांचे चढे व्याज यांच्या कात्रीत कितीतरी हाँग बुडाले. दिवाळे निघालेल्या काहींना पश्चिम टोकाच्या इली प्रांतात हद्दपार केले गेले. कँटनमध्ये जोखीम परदेशी पाहुण्यापेक्षा चिनी यजमानाला जास्त होती, हे प्रवासवर्णनांतून सहसा ध्यानात येत नाही.

या व्यापाराचा गाभा चहा होता. इंग्लंडने १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि मागणी कैक पटींनी वाढली. चहाच्या बदल्यात चीनला विलायती माल नको होता, चांदी हवी होती. ही तूट हिंदुस्थानातल्या मालाने भरून निघाली. लंडनच्या चहाचा मक्ता कंपनीने स्वतःकडे ठेवला, पण हिंदुस्थान आणि चीन यांच्यामधली वाहतूक परवान्यावर खासगी व्यापाऱ्यांना दिली. ते आधी कापूस आणि पुढे अधिकाधिक अफू नेत. माल विकून आलेली चांदी ते कँटनमधल्या कंपनीच्या तिजोरीत भरत आणि बदल्यात लंडन वा कलकत्त्यावरच्या हुंड्या घेत. त्याच चांदीने कंपनी चहा खरेदी करी. अफू चीनमध्ये बेकायदा असल्याने कंपनीच्या स्वतःच्या जहाजांवर ती चढत नसे. हात असे स्वच्छ राहत.

या साखळीत मुंबई शिरली ती कापसाने, आणि नंतर माळव्याच्या अफूने. १७५६ मध्ये चीनला गेलेले हिरजी जीवनजी रेडीमनी हे तिथे पोहोचलेले पहिले पारशी मानले जातात. १८३० नंतरच्या दशकात कँटनमधल्या परदेशी वस्तीत इंग्रजांच्या खालोखाल पारशी होते. मुंबईहून जहाजे नैर्ऋत्य वाऱ्यांवर निघत आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यांवर परतत, म्हणजे चीनची एक खेप करायची तर बहुतेक वर्ष घरापासून दूर जाई. पांढऱ्या टोप्यांवरून चिनी लोकांनी पारशांना ‘पांढऱ्या डोक्याचे’ असे नाव पाडले होते. कुटुंबे मुंबईतच राहत. दूरदेशी मरण आले तर दख्मा, म्हणजे शव ठेवण्याचा मनोरा, नाही, म्हणून दफन करावे लागे. १८२९ मध्ये मकावला आणि पुढे व्हांपोआजवळच्या बेटावर पारशांनी आपल्या दफनभूमी केल्या. परतीच्या जहाजांतून चिनी मातीची भांडी आली, तसेच रेशमावर पक्षी, फुले आणि चिनी देखावे भरलेले कापडही आले. त्याचेच गारा साडीत रूपांतर होऊन ती पारशी घरांत लग्नाकार्याचे वस्त्र बनली.

या मंडळींत अग्रणी जमशेटजी जिजीभाई. त्यांनी चीनच्या पाच खेपा केल्या. १८०५ मध्ये ‘ब्रन्सविक’ हे जहाज फ्रेंचांनी पकडले, तेव्हा ते त्यावर होते आणि जहाजाचा डॉक्टर विल्यम जार्डिन हाही कैदेत सापडला. या ओळखीतून पुढे मुंबई आणि कँटन यांच्यामधली सर्वांत बलाढ्य आडत उभी राहिली. जमशेटजी मुंबईत बसून माल पाठवीत आणि जार्डिनची पेढी तिकडे तो विके. त्यांचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी आणि महमद अली रोगे हे कोकणी मुसलमान. गोव्याचे रोजेरियो द फारिया यांचाही मकावच्या व्यापारात मोठा हात होता आणि पोर्तुगिजांच्या दमणमधून माळव्याची अफू कंपनीला टाळून बाहेर पडे. मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला विद्यालय, माहीमचा कॉजवे, पुण्याचा मुळा-मुठेवरचा बंधारा या कामांना लागलेला पैसा मुख्यतः याच व्यापारातला. दानशूरतेचा गौरव होतो तेव्हा अफूचा उल्लेख गाळण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती सोडायला हवी.

१८३९ च्या मार्चमध्ये बादशहाचे खास आयुक्त लिन झेशू कँटनला आले आणि सगळी अफू जमा करण्याचा हुकूम त्यांनी काढला. २४ मार्चपासून वखारींना वेढा पडला. चिनी नोकर, आचारी, कारभारी सारे एका रात्रीत निघून गेले. सुमारे साडेतीनशे परदेशी सहा आठवडे आत अडकले आणि लक्षाधीश व्यापाऱ्यांना स्वतः चूल पेटवावी लागली, कोंबडी सोलावी लागली, फरशी झाडावी लागली. अखेर ब्रिटिश प्रतिनिधी चार्ल्स एलियट यांनी आपल्या सरकारच्या हमीवर २०,२८३ पेट्या स्वाधीन केल्या. जूनमध्ये हुमेन येथे चुना आणि मीठ घालून ती अफू नष्ट करण्यात आली. त्यातला मोठा हिस्सा मुंबईकरांचा होता. अफू नष्ट केल्यावरून इंग्रज आणि चीन यांच्यात पेटलेल्या युद्धानंतर चीनने अफूपोटी ६० लाख डॉलर भरले, पण ही रक्कम मालाच्या किमतीपेक्षा बरीच कमी होती आणि मुंबईच्या कित्येक पेढ्या त्या धक्क्यातून सावरल्या नाहीत.

हे युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानजिंग तहाने पाच बंदरे खुली झाली, हाँगांचा मक्ता संपला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. पुढच्याच वर्षीच्या पुरवणी तहाने इंग्रजांना आपल्या माणसांचा न्याय करण्याचा हक्क मिळाला. हौक्वा १८४३ मध्ये वारला. वखारी १८२२ आणि १८४१ मध्ये जळूनही पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, पण १८५६ च्या डिसेंबरमधल्या आगीनंतर कोणी त्या बांधल्या नाहीत. परदेशी वस्ती जवळच्या शामियान बेटावर हलली. पारशी पेढ्यांनी हाँगकाँगला बस्तान बसवले आणि अफूच्या व्यापारात त्यांची जागा हळूहळू मुंबईच्याच ससून घराण्याने घेतली. हाँगकाँगची प्रसिद्ध स्टार फेरी सुरू केली ती दोराबजी नवरोजी या पारशानेच, आणि तिथल्या विद्यापीठाची पायाभरणी १९१० मध्ये झाली ती होरमसजी मोदी यांच्या देणगीवर.

तेरा वखारींचा इतिहास आजवर मुख्यतः इंग्रज-अमेरिकनांच्या रोजनिशा, कंपनीची दप्तरे आणि केंब्रिजला जतन केलेले जार्डिनच्या पेढीचे कागद यांवरून लिहिला गेला. त्याच पत्रव्यवहाराची दुसरी बाजू, जमशेटजींच्या पेढीची पत्रबुके, मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. केंब्रिजच्या कागदांच्या मानाने ती फार कमी अभ्यासकांनी उघडली आहेत.