मुक्या रोग्याचा खर्च

घरांत बाळगलेलें कुत्रें किंवा मांजर आजारी पडलें असतां त्याच्या औषधपाण्याला जो पैसा पडतो, त्याविषयीं अलीकडे शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांत पुष्कळ तक्रार ऐकूं येते. तक्रार करणारांचा रोख बहुधा पशुवैद्याच्या लोभावर असतो. लोभ कोणत्याच धंद्यांत अगदीं नसतो असें नाहीं. परंतु तो पूर्वींही होताच. मग हा खर्च आतांच कां वाढावा? या प्रश्नाचें उत्तर मिळवावयाचें, तर मुक्या रोग्याच्या उपचाराचा भार आजवर कोणीं आणि कशासाठीं सोसला, हें इतिहासाला विचारलें पाहिजे.

आपल्याकडे पशुवैद्यक फार जुनें आहे. शालिहोत्राच्या नांवावर अश्ववैद्यक चालत आलें आणि पालकाप्याच्या नांवावर हत्तींच्या रोगांचा 'हस्त्यायुर्वेद' हा प्रचंड ग्रंथ चालत आला. तो पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापून प्रसिद्ध केला. अशोकानें तर आपल्या दुसऱ्या शिलालेखांत मनुष्यांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा या दोहोंची सोय केल्याचें कोरून ठेविलें आहे. तथापि ग्रंथकारांचें लक्ष मुख्यतः घोडा, हत्ती आणि गाईबैल यांकडेच राहिलें. घोड्याहत्तींवर राज्य उभें असे आणि गाईबैलांवर शेत. पागेच्या वैद्याला राजाकडून वेतन मिळे. दारांतल्या कुत्र्याची चिंता वाहणारी पागा कोठेंच नव्हती.

युरोपांतही याहून निराळें घडलें नाहीं. फ्रान्समध्यें गुरांच्या सांथींनीं हाहाकार उडविला असतां क्लोद बुर्जला यांना लिओं शहरीं पशुवैद्यकाची पहिली शाळा काढण्याची परवानगी १७६१ सालीं मिळाली. लंडनची शाळा १७९१ सालीं निघाली. तिचा सारा भर घोड्यावर होता. हिंदुस्थानांत इंग्रजी राज्याला घोडदळाची आणि तोफखान्याच्या जनावरांची काळजी होती, म्हणून १८६२ सालीं पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा सुरू झाली. जनावरांच्या सांथींचा शोध घेणारी सरकारी प्रयोगशाळाही १८८९ सालीं पुण्यांतच जन्मास आली, व पुढें ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. या सर्व खटाटोपाच्या बुडाशीं एक साधा हिशेब होता. जनावराच्या किंमतीपेक्षां उपचार स्वस्त असेल तर उपचार करावा. नसेल तर जनावर सोडून द्यावें. या हिशेबांत ज्याला बाजारांत मोल नाहीं, त्या प्राण्याला जागा मिळणें शक्य नव्हतें.

ती जागा त्याला प्रथम दयेनें दिली, आणि या कामीं मुंबईचा इतिहास अभिमानास्पद आहे. १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याची मोहीम सरकारी अंमलदारांनीं चालविली, तेव्हां पारशी मंडळी खवळून उठली आणि शहरांत मोठा दंगा झाला. त्यानंतर १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या प्रयत्नानें पांजरापोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनीं आपल्याच मालावर स्वखुशीनें लागा बसवून तिचा खर्च चालविला. परंतु पांजरापोळ म्हणजे आश्रय. तेथें जनावर सुखानें मरत असे, बरें होईलच असें नव्हे. बरें करण्याची सोय व्हावयास आणखी अर्धें शतक लागलें. १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारी मंडळी मुंबईंत स्थापन झाली, आणि पुढील दशकांत सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानशूरपणामुळें परळ येथें त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नांवानें जनावरांचें इस्पितळ निघालें. १८८६ सालीं त्याच आवारांत पशुवैद्यकाचें विद्यालय सुरू झालें. दानानें उभारलेलें इस्पितळ आणि सरकारनें चालविलेलें शिक्षण यांची ही जोड फलदायी ठरली.

माणसें उपाशी असतां जनावरांवर पैसा कां उधळावा, असा आक्षेप त्या काळींही घेतला जात असे, व आजही घेतला जातो. त्याला उत्तर जमशेटजींच्या चरित्रांतच आहे. पांजरापोळीला हात देणाऱ्या याच गृहस्थांनीं १८४५ सालीं उघडलेल्या मोठ्या रुग्णालयालाही द्रव्य दिलें, आणि तें रुग्णालय आज त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. एकाला दिलेली दया दुसऱ्याच्या वांट्यांतून कापून घेतली जाते, असें या उदाहरणावरून तरी दिसत नाहीं.

लंडनमध्यें दयेचा हा मार्ग एका बाईनें मोकळा केला. मरिया डिकिन यांनीं नोव्हेंबर १९१७ मध्यें, महायुद्ध चालू असतां, व्हाइटचॅपल या गरीब वस्तींतील एका तळघरांत जनावरांचा मोफत दवाखाना उघडला. फेरीवाल्यांचीं गाढवें, मजुरांचीं कुत्रीं, मुलांनीं उराशीं धरून आणलेलीं मांजरें यांची तेथें रीघ लागली. पदवीधर पशुवैद्यांनीं मात्र नाक मुरडलें. अशिक्षित हातांनीं केलेला उपचार हा उपचारच नव्हे, असें त्यांचें म्हणणें; आणि आमचे गरीब लोक तुमच्या दारापर्यंत येऊंच शकत नाहींत, असें बाईंचें उत्तर. दोन्ही म्हणणीं खरीं होतीं. पुढें १९४८ च्या कायद्यानें, कांहीं अपवाद ठेवून, नोंदणी नसलेल्यांना ही चिकित्सा करण्याची मनाई झाली. ज्ञानाची प्रत राखली गेली, आणि त्याबरोबर ज्ञानाची किंमतही.

त्याच १९४८ सालीं ब्रिटनमध्यें माणसांची वैद्यकीय सेवा सरकारी खर्चानें सुरू झाली. तेव्हांपासून तेथील सामान्य माणसाला स्वतःच्या आजाराचें बिल क्वचितच दिसतें. दिसतें तें कुत्र्याच्या आजाराचें. इकडे रस्त्यांवरून घोडे नाहींसे होत गेले आणि पशुवैद्याचा मुख्य रोगी घरांतला लाडका प्राणी झाला. येथें जुना हिशेब पार उलटला. बैलाच्या उपचाराला बैलाची किंमत ही मर्यादा होती. कुत्र्याच्या उपचाराला मर्यादा राहिली ती धन्याच्या मायेची आणि त्याच्या ऐपतीची. शास्त्रही थांबलें नव्हतें. क्ष-किरण, भूल, जंतुनाशक औषधें, कर्करोगावरील उपचार हें सारें माणसांच्या इस्पितळांतून जनावरांच्या इस्पितळांत आलें, आणि येतांना आपला खर्चही बरोबर घेऊन आलें.

मायेला मर्यादा नाहीं हें भांडवलाच्या ध्यानांत येण्यास उशीर लागला नाहीं. ब्रिटनमध्यें १९९९ सालीं नियम बदलून पशुवैद्य नसलेल्यांनाही दवाखान्यांची मालकी खुली झाली. २०१३ सालीं सुमारें १० टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या हातीं होते. २०२४ पर्यंत हें प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळपास गेलें. तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणानें २०२३ सालीं चौकशी आरंभिली, तेव्हां सुमारें ५६,००० लोकांनीं आपलीं म्हणणीं कळविलीं. ८० टक्क्यांहून अधिक दवाखाने आपल्या संकेतस्थळावर दर देतच नाहींत, असें निघालें. आणि २०१६ पासून २०२३ पर्यंत सरासरी दर ६३ टक्क्यांनीं वाढल्याचें प्राधिकरणानें पुढें सांगितलें.

आपल्याकडे परळच्या इस्पितळानंतर सुमारें १४० वर्षांनीं, २०२४ सालीं, रतन टाटा यांच्या पुढाकारानें मुंबईंत महालक्ष्मी येथें लहान प्राण्यांचें इस्पितळ उघडलें. त्याला १६५ कोटी रुपये लागले. हा आंकडाच सांगतो कीं, आतां हें शास्त्र किती खर्चाचें झालें आहे. शिवाय आपल्या मध्यमवर्गाला माणसाच्या आजाराचाही खर्च बहुतेक स्वतःच करावा लागतो. धनिकाला दर विचारण्याचें कारण नाहीं, आणि धर्मादाय दवाखाना प्रथम निराधारासाठीं असतो. मधल्या घरापुढें मात्र एखाद्या रात्रीं असा प्रसंग येतो कीं, रोग बरा होण्याजोगा आहे, वैद्य समोर उभा आहे, आणि केवळ पैसा पुरत नाहीं म्हणून प्राण्याला कायमचें निजविण्याचा विचार करावा लागतो.

हा प्रसंग दुर्मिळ करणें वैद्य आणि धनी या दोघांच्याही हातीं आहे. वैद्यानें उपचाराचा दर आधीं सांगावा, आणि महाग मार्गाबरोबर स्वस्त मार्गही सांगण्याचा संकोच धरूं नये. धन्यानें पिल्लूं घरीं आणतांनाच त्याच्या दहाबारा वर्षांचा खर्च मनांत धरावा, आणि लस वेळेवर टोंचून घ्यावी. कारण टळलेला रोग हाच सर्वांत स्वस्त रोग होय. परंतु एवढ्यानें भागणार नाहीं. लागा देणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांनीं संकटाच्या दिवसासाठीं थोडथोडें आधींच बाजूला काढण्याची युक्ति शोधिली होती. विम्यानें असो वा सहकारी फंडानें असो, ती युक्ति आजच्या कुटुंबांनीं पुन्हां उपयोगांत आणण्याची वेळ आली आहे.