नियम बदलले, डाव कोणाचा?



तत्त्वज्ञानाचा माणूस खेळण्यांवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. सांगतो. माझा चौदा वर्षांचा नातू टेबलावर छोट्या पुतळ्यांची लढाई खेळतो. पुतळे स्वतः चिकटवायचे, रंगवायचे, फौज उभी करायची. प्रत्येक तुकडीचे पॉइंट ठरलेले असतात आणि दोन्ही फौजांना मर्यादा एकच. गेल्या वर्षी एका स्पर्धेच्या आदल्या रात्री आयोजकांनी कळवलं, की उद्या नवे पॉइंट लागू. याची फौज मर्यादेबाहेर गेली. पाच महिने खपून रंगवलेली तुकडी घरी ठेवावी लागली. "आजोबा, यात माझं काय चुकलं?" असं त्यानं विचारलं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

या खेळाचं मूळ प्रशियात आहे. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या गृहस्थानं राजाला युद्धाचा खेळ दाखवला. पुढे १८२४ मध्ये त्याच्या मुलानं त्याचे नियम पुस्तकरूपानं छापले. नकाशा, फासे, नुकसानीचे तक्ते आणि निवाड्याला पंच. तक्त्यांचं ओझं इतकं झालं, की १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्यानं सुचवलं, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते माना. म्हणजे बघा, भरवसा कागदावर ठेवायचा की माणसावर, हा वाद तेव्हापासूनचा. पण तिथं चाललं होतं लष्करी शिक्षण. बक्षीस कोणालाच नव्हतं.

१९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' लिहून हा खेळ दिवाणखान्यात आणला. खेळता खेळता नियम कसे बदलत गेले, हे ते मोकळेपणानं सांगतात. त्यात अन्याय का वाटत नाही? कारण बदल करणारे आणि बदल सोसणारे एकाच खोलीत होते. दोघांनाही तो एकाच क्षणी कळत होता.

१९८७ मध्ये इंग्लंडात 'वॉरहॅमर ४०,०००' आला आणि ती खोली जगभर पसरली. २०१७ च्या आठव्या आवृत्तीनं आधीची सगळी फौज-पुस्तकं एका फटक्यात बाद केली. २०२३ मध्ये दहावी आवृत्ती आली. पॉइंट तर आता वर्षातून अनेकदा बदलतात. यात नियम करणाऱ्यांची लहर आहे, असं मी म्हणणार नाही. हजारो खेळाडू नियमांतली फट शोधत असतात. ती सापडली, की जो तो तीच फौज आणतो आणि बाकीचे आधीच हरलेले असतात. फट न बुजवणं हाही अन्यायच, नाही का?

इथं मला लॉन फुलर आठवतो. 'द मोरॅलिटी ऑफ लॉ' या १९६४ च्या ग्रंथात त्यानं रेक्स नावाचा एक काल्पनिक राजा उभा केला आहे. राजाचा हेतू चांगला. पण कायदा कधी लोकांना कळवतच नाही, कधी मागच्या तारखेपासून लावतो, कधी इतक्या वेळा बदलतो की पाळणं अशक्य. फुलरचं म्हणणं असं, की हा नुसता वाईट कायदा नव्हे. याला कायदाच म्हणता येत नाही.

चांगले आयोजक हे जाणतात. ते आधीच एक तारीख जाहीर करतात. त्यानंतर आलेला बदल, मग तो कितीही योग्य असो, पुढच्या स्पर्धेला. फौजेची यादीही ठरल्या दिवसापर्यंत द्यायची. एखादी फट काही दिवस उघडी राहते खरी, पण ती सर्वांना सारखीच उघडी असते. पाच महिन्यांच्या कष्टाला निदान जमीन तरी मिळते.

जाता जाता एक कबुली. विभागप्रमुख असताना मी वर्षाच्या मध्यावर अंतर्गत गुणांची पद्धत बदलली होती. सुधारणा चांगली होती, आजही मला ती पटते. एका विद्यार्थिनीनं येऊन हाच प्रश्न विचारला होता, "सर, माझं काय चुकलं?" मी तिला परिपत्रक दाखवलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते माझं.