हिशेबतपासनिसाचा दाखला व प्रांताची सीमा

पेण व रोहें हे तालुके पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांत, अर्थात् मुंबई इलाख्यांत होते. रोह्यालगत जंजिरा संस्थानाची हद्द लागे. १९१३ च्या कंपनी कायद्यान्वयें हिशेबतपासनिसास दाखला प्रांतिक सरकार देई. एक दाखला सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत चाले, दुसरा प्रांतापुरताच. संस्थानांत तर हा कायदा आपोआप लागू होत नसे. मुंबई सरकारनें १९१८ मध्यें हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. १९३२ मध्यें मध्यवर्ती सरकारचे नियम झाले. जंजिरा संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें. १ जुलै १९४९ पासून सनदी लेखापालांचा कायदा अंमलांत आला. तोंवर विद्या एकच असतां तिची मर्यादा सरहद्द ठरवी. तस्मात् जुना ताळेबंद अभ्यासतांना सही करणाराचा दाखला कोणत्या प्रकारचा, हें प्रथम पाहावें, असें आमचें मत आहे.