तातडीचे काम आणि महत्त्वाचे काम

दिवसभर क्षणाची उसंत मिळत नाही आणि संध्याकाळी नेमके काय झाले ते सांगता येत नाही, ही तक्रार शहरी नोकरदारांत सर्रास ऐकू येते. तिचे मूळ आळसात क्वचितच असते. बहुधा तातडीचे आणि महत्त्वाचे या दोन शब्दांची गल्लत झालेली असते.

हा भेद अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या नावावर रूढ झाला. 19 ऑगस्ट 1954 रोजी एव्हन्स्टन येथे जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात त्यांनी तो मांडला, पण तेथेही एका माजी महाविद्यालय प्रमुखाचा दाखला देऊनच. त्यांच्या नावाने शिकविला जाणारा चार घरांचा तक्ता त्यांनी आखलेला नाही. तो सर्वदूर पोचला स्टीफन कव्ही यांच्या 1989 च्या पुस्तकामुळे.

आपल्याकडे या प्रश्नाशी सर्वांत जुना परिचय आहे तो सरकारी कारकुनाचा. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत ‘सहा गठ्ठे’ पद्धत प्रचलित आहे. स्वतः कार्यवाही करावयाची प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद, असे ते सहा गठ्ठे. पद्धत उत्तम आहे. कागद हरवत नाही. परंतु हे वर्गीकरण कागद कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार होते, त्यावर कोणाचे काय अवलंबून आहे त्यानुसार नव्हे. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या राज्य अधिनियमानेही मुदती घातल्या त्या तातडीप्रमाणे: साधारण संचिका सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका टेबलावर राहू नये, तातडीची चार दिवसांत निघावी, अतितातडीची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. तातडीला चिठ्ठी चिकटविता येते. महत्त्वाला अशी चिठ्ठी नाही.

कुटुंब निवृत्तिवेतनाचे एखादे प्रकरण घ्या. त्यात किरकोळ त्रुटी काढून ते परत पाठविले की कारकुनाच्या दृष्टीने निर्गती झाली. कागद पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात गेला आणि नोंदवही स्वच्छ झाली. ज्या घराचा त्या पैशांवर महिना चालायचा, ते मात्र होते तेथेच राहिले. त्याच दुपारी वरिष्ठांना हवे असलेले विवरणपत्र वेळेत रवाना झालेले असते, कारण त्यासाठी दूरध्वनी आलेला असतो. खासगी कार्यालयांत गठ्ठ्यांची जागा ई-मेल आणि बैठकांनी घेतली, एवढाच फरक.

क्षुल्लक कामाकडे मन का वळते, याचे मार्मिक उत्तर सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 मध्ये दिले. त्यांच्या काल्पनिक समितीत एक कोटी पौंडांच्या अणुभट्टीचा विषय अडीच मिनिटांत मंजूर होतो, सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद रंगतो आणि चहापानाच्या खर्चावर सव्वा तास. अणुभट्टी कोणालाच कळत नाही, शेड मात्र सर्वांना कळते. सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेल्यांना याचा अनुभव वेगळा सांगायला नको. क्षुल्लक काम सोपे असते आणि ते संपल्याचे समाधान लगेच हाती येते.

उपाय म्हणून याद्या वाढविण्यात अर्थ नाही. यादीत लहान कामेच आधी खोडली जातात. त्यापेक्षा दिवसाचा पहिला तास, टपाल उघडण्यापूर्वीचा, एकाच अवघड कामासाठी राखून ठेवणे अधिक उपयोगी. किरकोळ कामे टाळायची नाहीतच, कारण वीजबिल भरावेच लागते. ती दिवसातून एकदोनदा एकत्र उरकावीत. आणि काम निवडताना एकच विचारावे: हे आज झाले नाही, तर कोणाचे काय अडेल? उत्तर केवळ ‘नोंदवहीत शेरा येईल’ एवढेच असेल, तर ते काम दुपारनंतर केले तरी चालते.