परदेश प्रवासातील बँक कार्डांचा वापर
एका देशातील बँकेने दिलेल्या कार्डाने दुसऱ्या देशात खरेदी करणे किंवा तेथील एटीएममधून स्थानिक चलनात रोख रक्कम काढणे, यास परदेशातील कार्ड वापर असे म्हणतात. दुकानदाराची अथवा एटीएमची बँक आणि कार्ड देणारी बँक यांच्यामध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, डिस्कव्हर, रुपे यांसारखे जाळे असते. चलनांचा हिशेब सामान्यतः या जाळ्याच्या दराने होतो. प्रवासी धनादेशांची जागा आता बहुतांशी कार्डांनी घेतली आहे. हा लेख प्रामुख्याने भारतीय बँकांच्या कार्डांविषयी आहे.

कार्ड सुरू करणे
भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असते. परदेशातील वापर ग्राहकाने बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा अन्य मार्गाने स्वतः सुरू करावा लागतो. एटीएम, दुकानातील यंत्र, ऑनलाइन खरेदी आणि स्पर्शविरहित व्यवहार यांची बटणे व मर्यादा वेगवेगळ्या असतात. परदेशी विमानतळावर कार्ड नाकारले जाण्याचे एक साधे कारण हेच असते. ते तेथे सुरू करायचे म्हटले, तर भारतीय मोबाइल क्रमांकावर येणारा ओटीपी लागू शकतो, आणि रोमिंग बंद असल्यास तो मिळत नाही. त्यामुळे ही कामे निघण्यापूर्वी उरकणे श्रेयस्कर ठरते.

शुल्क
परकीय चलनातील व्यवहारावर बँका मार्कअप शुल्क आकारतात. अनेक भारतीय कार्डांवर ते ३.५ टक्क्यांच्या आसपास असते, काहींवर कमी, तर मोजक्या कार्डांवर शून्य. या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. समजा एका युरोचा दर ९० रुपये आहे आणि खरेदी १०० युरोंची आहे. मूळ रक्कम ९,००० रुपये, मार्कअप ३१५ रुपये आणि त्यावरील कर ५६.७० रुपये, असे एकूण ९,३७१.७० रुपये खात्यातून जातात.

एटीएममधून रोख काढताना यात आणखी दोन आकार मिसळू शकतात: आपल्या बँकेचे प्रतिव्यवहार ठरावीक शुल्क आणि स्थानिक एटीएम चालकाचे शुल्क. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी ठरावीक शुल्क आकारले जाते, मग रक्कम १,००० बाट असो वा १०,०००. म्हणून वारंवार थोडी रक्कम काढणे महाग पडते. क्रेडिट कार्डावर काढलेली रोख ही उचल मानली जाते. तिच्यावर वेगळे शुल्क आणि बहुधा त्याच दिवसापासून व्याज लागते, खरेदीसाठी मिळणारी बिनव्याजी मुदत तिला मिळत नाही. निकड नसल्यास हा मार्ग टाळलेलाच बरा.

रुपयांत बिल देण्याचा पर्याय
परदेशातील यंत्र कधी कधी ‘रक्कम रुपयांत भरायची की स्थानिक चलनात?’ असे विचारते. यास डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. रुपयांतील आकडा ओळखीचा वाटतो, त्यामुळे प्रवासी सहज होकार देतो. परंतु या पर्यायात दर कार्डाच्या जाळ्याचा नसतो. तो दुकानदाराच्या अथवा एटीएमच्या बाजूची सेवा देणारी कंपनी ठरवते, आणि तिचा नफा त्या दरातच दडलेला असतो. वरील उदाहरणात यंत्राने ९६ रुपयांचा दर लावला तर बिल ९,६०० रुपयांचे होईल. शिवाय व्यवहार रुपयांत असला तरी दुकान परदेशातील असल्याने अनेक भारतीय बँका त्यावरही शुल्क घेतात. म्हणजे मार्कअप वाचवण्याच्या हेतूने हा पर्याय निवडणाऱ्यास कधी कधी दोन्हीकडून भुर्दंड बसतो.

कार्ड जाळ्यांच्या नियमांनुसार हा पर्याय ऐच्छिक आहे. युरोपीय महासंघाने २०१९ च्या नियमावलीने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या तुलनेत किती टक्के जादा घेतले जातात, ते व्यवहारापूर्वी दाखवणे बंधनकारक केले. मात्र ही तरतूद महासंघातील चलनांपुरतीच असल्याने भारतीय कार्डधारकास तिचा फारसा उपयोग नाही. एटीएमवर ‘रूपांतर नाकारा’ असे बटण दाबल्यास व्यवहार रद्द होईल अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात व्यवहार सहसा स्थानिक चलनात पूर्ण होतो.

फॉरेक्स कार्ड व कर
फॉरेक्स कार्डात परकीय चलन आधीच भरलेले असते आणि दर भरतानाच निश्चित होतो. कार्डात नसलेल्या चलनात खर्च केल्यास मात्र रूपांतर शुल्क लागते. फॉरेक्स कार्ड व डेबिट कार्डावरील खर्च उदारीकृत प्रेषण योजनेच्या वार्षिक २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत मोजला जातो. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च या मर्यादेत आणण्याचा निर्णय केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये घेतला होता, पण जून २०२३ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. उगमस्थानी संकलित कराची (टीसीएस) मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ७ लाखांवरून १० लाख रुपये झाली. कापलेली रक्कम आयकर विवरणपत्रात जमेस धरता येते.

कार्ड न चालणारे देश
जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतील आणि टपाल कार्यालयांतील एटीएम परदेशी कार्डे स्वीकारतात, इतर अनेक स्थानिक यंत्रे स्वीकारत नाहीत. स्वीडनमध्ये परिस्थिती उलट आहे: तेथे रोख न घेणारी दुकाने पुष्कळ आहेत. भूतानमध्ये भारतीय रुपया ङुल्ट्रमच्या बरोबरीने चालतो.

रशियाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मार्च २०२२ मध्ये व्हिसा व मास्टरकार्ड यांनी तेथील कामकाज थांबवल्यापासून या जाळ्यांची बाहेर दिलेली कार्डे रशियात चालत नाहीत. वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची त्यामुळे मोठी अडचण झाली. इराणमध्येही निर्बंधांमुळे हीच स्थिती आहे. भारतातून एका प्रवासासाठी सामान्यतः ३,००० डॉलरपर्यंतच्याच परकीय नोटा नेता येतात, उरलेली रक्कम कार्डात न्यावी लागते. इराण आणि रशियासह स्वतंत्र राष्ट्रकुलातील देशांसाठी मात्र सर्व रक्कम नोटांत नेण्याची मुभा आहे. ही सवलत २०२२ च्या आधीपासूनची आहे.

कार्ड हरवणे व फसवणूक
भारतात ऑनलाइन व्यवहारासाठी ओटीपी लागतो, परंतु अनेक परदेशी संकेतस्थळे तो मागत नाहीत. कार्डाचा क्रमांक, मुदत व मागील तीन अंक मिळाले की पैसे जाऊ शकतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा फसवणुकीत बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत ती मर्यादित राहते, त्यापुढे बँकेचे धोरण लागू होते. प्रवासात एसएमएस न पाहणाऱ्याची ही मुदत नकळत निघून जाऊ शकते.

बँकेच्या शाखेला लागून असलेले एटीएम कामकाजाच्या वेळेत वापरल्यास अडकलेले कार्ड परत मिळण्याची शक्यता अधिक असते. दोन वेगळ्या जाळ्यांची दोन कार्डे निरनिराळ्या ठिकाणी ठेवण्याची पद्धतही प्रवाशांत रूढ आहे.

परतल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांत अधिकृत विक्रेत्यास परत द्यावे लागते. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येतात.