कपाट आमचे, सूची सगळ्यांची

वाचनालयांनी एकत्र येऊन आपापल्या भागातले साहित्य डिजिटल करावे, असे म्हटले की ठरलेले उत्तर येते: 'ते विद्यापीठांनी, सरकारने करावे, ड वर्गाच्या वाचनालयाने पुस्तकांची देवघेव सांभाळावी.' आधार तीन: लहान वाचनालयात दुर्मीळ काही नसते, खर्च झेपत नाही आणि कायदा आडवा येतो.

पहिला आधार 'दुर्मीळ' या शब्दापाशीच ढासळतो. गाजलेल्या ग्रंथाची प्रत पुण्या-मुंबईत सापडते. तालुक्याचे साप्ताहिक, नगरपालिकेची स्मरणिका, जत्रेचे हँडबिल मात्र तिथल्याच कपाटात असते. समजा, स्मरणिकेतल्या छायाचित्राखाली ओळ आहे, 'नगराध्यक्ष व मान्यवर'. डावीकडून तिसरे कोण, मागे दिसणारी वेस कोणती, हे रोज पेपर वाचायला येणारे आजोबाच सांगतील. स्कॅन कुणीही करील. नोंद करायला तिथलाच माणूस हवा.

खर्चाची अडचण खरी आहे. पण ती एकट्याने काम करण्याविरुद्धचा मुद्दा आहे, एकत्र येण्याविरुद्धचा नव्हे. एक स्कॅनर तालुकाभर फिरू शकतो. शिवाय साप्ताहिकाची फाइल सलग एका जागी क्वचितच मिळते: जानेवारी ते जून एकीकडे, पुढचे अंक दुसरीकडे, मधले कसरीच्या पोटात. तारीख, गाव, तालुका लिहिण्याची पद्धत सगळीकडे एक असेल, तरच हे तुकडे जुळतात. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूची' एका कपाटावर विसंबून झाली नसती.

प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे सगळेच खुले करता येणार नाही, हे मान्य. परंतु १९५७ च्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील प्रतीची जतनापुरती डिजिटल साठवण करता येते. आणि 'हा अंक आमच्याकडे आहे' एवढे जाहीर करायला कुणाची परवानगी लागत नाही.

राहिली सरकारची वाट. राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, कल्याणचे १८६४ चे. ती कायद्यासाठी थांबली नव्हती.

सुरुवातही स्कॅनरपासून नको. तालुक्यातल्या वाचनालयांनी साप्ताहिकाचे कोणते अंक आहेत आणि कोणते नाहीत, याची एकच यादी करावी. 'नाहीत'चा रकाना शेजारच्या गावाच्या 'आहेत'शी ताडून पाहिला, की निम्मे काम तिथेच मार्गी लागते.